शेवटचे दोन आकडे

खिडकीसमोरच्या रांगेत एका सोलणाऱ्याचं पोट फाडलं गेलं, तेव्हा ताईच्या हातात भलत्याच माणसाचा सुरा होता. तो एक खुंटी पुढे टांगायचा होता. त्यासाठी पुढच्या खुंटीवरचा सुरा आणखी पुढे, त्याच्या पुढचा त्याच्याही पुढे, असं पार भिंतीच्या टोकापर्यंत सरकवत जायचं होतं. त्या सकाळी सोलण्याच्या कामावर नवे गडी भरती झाले होते आणि त्यांच्या सुऱ्यांना मधेच जागा करून द्यायची होती. जागा होईपर्यंत दुपारचा भोंगा झाला. बाहेर माणसं साचली. एक शिवी ऐकू आली, पाठोपाठ बादली लवंडल्यासारखा आवाज. ताईने मान वळवली तर सोलणारा दोन्ही हातांनी पोट धरून खिडकीच्या कठड्याला टेकला होता. बोटांच्या फटीतून आतडं डोकावत होतं. रोज जनावरांची आतडी उपसणारी माणसं ती, पण क्षणभर कुणाचाही हात हलला नाही.

कत्तलखान्यात प्रत्येकाचा सुरा ज्याचा त्याचा. मूठ त्याच्या पकडीने झिजलेली, धार त्याच्या मनगटाला जमेल अशी लावलेली. दुसऱ्याच्या सुऱ्याला हात लावणं म्हणजे त्याच्या ताटात हात घालण्यासारखं. मुठीवर तापल्या सळईने बिल्ल्याचा नंबर डागलेला असे. आणि कायदा एकच, तो सर्वांना पाठ: सुरा फाटकाबाहेर जायचा नाही. काम संपलं की सुऱ्यांच्या खोलीच्या खिडकीत द्यायचा, कामावर आलं की बिल्ला दाखवून घ्यायचा. घेणारी-देणारी ताई. धाकटा भाऊ तिला ताई म्हणायचा, म्हणून सगळा कत्तलखाना तिला ताई म्हणायचा, अगदी तिच्यापेक्षा थोराड माणसंसुद्धा.

तिच्या आधीच्या म्हाताऱ्याने सुरे साखळीच्या क्रमाने लावले होते. आत जनावर उलटं टांगून साखळीवरून पुढे सरकतं, त्याच क्रमाने: आधी गळा कापणारे, मग मुंडी उतरवणारे, मग सोलणारे, पोट उघडणारे, शेवटी हाडं तोडणारे. दिसायला झकास. पण मधे एक माणूस वाढला की पुढची सगळी भिंत हलवा, एक गेला की भोक बुजवायला सगळी भिंत मागे ओढा. आणि माणसं तर रोज यायची, रोज जायची. कुणाचं बोट जायचं, कुणी साहेबाला उलट बोलायचा, कुणाला त्या वासाने आठवड्यात ओकाऱ्या सुटायच्या.

आणि रांग रेंगाळली की खरी भीती होती ती खिडकीबाहेर. सकाळची पाळी सुरे घेऊन बाहेर यायची, दुपारची पाळी रिकाम्या हातांनी आत यायची, आणि दोघांची गाठ या खिडकीपाशी पडायची. अर्ध्यांच्या हातात पाती, अर्ध्यांच्या हातात नुसते बिल्ले. आणि या दोन पाळ्यांमधून विस्तव जात नव्हता. जुनी साखळी बदला म्हणून सकाळवाल्यांनी संप केला होता. दुपारवाले तो मोडून आत आलेले. सर्वांत आधी फाटकातून आत पाऊल टाकलं ते ताईच्या धाकट्याने. घरात दोन लहान पोरं होती, त्याला दुसरं काही सुचलं नाही. त्याच संपाच्या दिवसांत, दवाखान्याला पैसे नव्हते म्हणून, सकाळच्या पाळीतल्या मुंडीवाल्याची बायको बाळंतपणात गेली. मूलही गेलं. मुंडीवाला हा आडदांड गडी, दोन घावांत मुंडी धडावेगळी करणारा. तिरडीच्या वेळी चार माणसांत त्याने सांगितलं की संप फुटला म्हणून लांबला, आणि फाटकातून पहिला गेला त्याला मी मुंडीसारखा उतरवणार. बोललेलं न करणाऱ्यांतला तो नव्हता.

सोलणाऱ्याला गाडीत घालून नेल्यावर साहेब खोलीत आला. पायाला रक्त लागू नये म्हणून टाचांवर चालत होता. त्याने ताईला सांगितलं की ही रांग बंद करायचा उपाय शोध, नाहीतर मी ही खोलीच बंद करतो. जो तो आपला सुरा कमरेला लावून घरी नेईल, मग बाहेर काय व्हायचं ते होऊ दे, कंपनीच्या आवाराबाहेर होईल.

धाकटा राहायचा त्या गल्लीच्या तोंडाशी सकाळवाले उभे असायचे. रिकाम्या हातांनी होते म्हणून आजवर नुसत्या थुंकण्यावर भागत होतं.

संध्याकाळी ती भावाकडे गेली. भावजयीने पोरांना आत झोपवलं आणि तिच्या शेजारी येऊन बसली.

"वन्सं, तुम्ही खिडकीत आहात म्हणून मी याला दुपारी जाऊ देते," ती म्हणाली. "खिडकी बंद झाली की सांगा मला. मी दारात आडवी पडेन."

धाकटा हसला. म्हणाला, ताई आहे तोवर मला काय धाड भरली आहे. ताईला ते हसू आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने खुंट्या उपटल्या आणि एक मोठी पेटी ठेवली. आला सुरा की टाक पेटीत. घेणं झटक्यात झालं, पण द्यायची वेळ आली तेव्हा ढीग उपसता उपसता तिच्या मनगटापर्यंत चरे उमटले आणि बाहेर रांग आधीपेक्षा लांब झाली. मग तिने एक दोर बांधला. प्रत्येक मुठीला कडी, आणि कड्या एकमेकींत अडकवलेल्या. मधे कुणाला घालायचा तर दोन कड्या सोडायच्या, त्याची अडकवायची, की झालं. कुणाला काढायचा तरी तसंच, बाकीचे जागचे हलत नाहीत. यावर ती खूश झाली. पण शोधायचा झाला की दोराच्या पहिल्या टोकापासून एकेक मूठ वाचत जावं लागे, आणि ज्याचा सुरा शेपटाशी त्याची बाहेर शंभरी भरलेली. तिसऱ्याच दिवशी दुपारवाल्या एका पोऱ्याची दोन बोटं कठड्यावरच राहिली. उगाच कठड्यावर हात ठेवून उभा होता, ताई त्याचा सुरा शोधत होती, तेवढ्यात शेजारच्या सकाळवाल्याने पातं उतरवलं. ती बोटं तिने कागदात गुंडाळून त्याच्या मागे धाडली.

डोक्यात उजेड पडला तो बुटांपाशी. हॉलच्या दारात रबरी बुटांची खोकी असत. बूट कुणाच्या नावाचे नसत. सहा नंबरचे सहाच्या खोक्यात, सात नंबरचे सातच्या. माणूस यायचा, आपल्या पायाचा नंबर त्याला ठाऊक, सरळ त्या खोक्याशी जायचा, वरचे दोन-चार चाचपायचा, चालायला लागायचा. कुणी कुणासाठी थांबत नव्हतं. ताई एप्रन धुवायला निघाली होती, ती तिथंच उभी राहिली.

सुऱ्याला पायाचा नंबर नसतो. पण बिल्ल्याला नंबर असतो, आणि बिल्ले तीन आकडी. आधी तिने पहिल्या आकड्यावरून खोकी करून पाहिली. फसलं, नवी भरती झाली की सगळ्यांचे बिल्ले चारशेचे, सगळी गर्दी एकाच खोक्यात आणि बाकीची ओस. शेवटचे आकडे मात्र कुणाचे काहीही असत. मग तिने सुताराकडून शंभर कप्प्यांचं कपाट करून घेतलं, शून्य-शून्यपासून नव्याण्णवपर्यंत. सुरा आला की मुठीवरचे शेवटचे दोन आकडे बघायचे आणि त्या कप्प्यात सारायचा. बिल्ला पुढे आला की त्याचे शेवटचे दोन बघायचे आणि हात तिथंच घालायचा. नवा माणूस आला तरी कुणी हलायचं नाही, जुना गेला तरी नाही. एखाद्या कप्प्यात दोन सुरे निघाले तर पहिला आकडा वाचायचा. बस.

रांग वितळली. एक सुरा आत, एक बाहेर, एक आत, एक बाहेर. ताईचा डावा हात घ्यायचा, उजवा द्यायचा, आणि दुपारवाल्याला रिकाम्या हाताने उभं राहण्याएवढी सवड मिळेना. लोक तिचा हात कुठे जातो ते बघून बघून आपापला कप्पा ओळखायला लागले. साहेबाने तोंड भरून काही म्हटलं नाही, पण खोली बंद करायची भाषाही परत काढली नाही.

मुंडीवाल्याच्या ते लक्षात आलं. त्याचा बिल्ला एकशे सत्तेचाळीस, धाकट्याचा चारशे सत्तेचाळीस. एकदा सुरा देताना तो कठड्यावर कोपर टेकून आत वाकला.

"ताई, तुझा भाऊ आणि मी एकाच कप्प्यात नांदतो म्हणे."

"सुरे नांदतात," ताई म्हणाली.

"तेच. सोयरीकच झाली की." मागची माणसं हसली. मुंडीवाला हसला नाही. "रात्रभर माझं पातं त्याच्या पात्याला चिकटून असतं. त्याला सांग, सवय करून घे म्हणावं."

ताईने त्याचा सुरा आत सारला. कप्प्यात त्या वेळी तो एकटाच होता. धाकट्याने आपला घेऊन चार पावलं झाली असतील.

असे काही महिने बरे गेले. मग कंपनीने शेजारची शेड घेतली, दुसरी साखळी टाकली आणि माणसांची रीघ लागली. कप्पे शंभरच. दोघांच्या जागी चार झाले, कुठे पाच. मुठी एकमेकींवर रेलू लागल्या, नंबर वाचायला सुरे उपसून बघावे लागत. ताईचा तळवा उभा कापला गेला, टाके पडले, आणि पट्टी बांधलेला हात अजूनच सावकाश चालू लागला. रांग पुन्हा उगवली. पहिल्याच आठवड्यात त्या रांगेत कुणीतरी धाकट्याच्या बरगडीत मांसाचा हूक घातला. बोट-दीड बोट आत गेला आणि हाडाला अडकला म्हणून थांबला. रबराच्या बुटात रक्त साठून तो चपचप वाजत घरी गेला, आणि दुसऱ्या दिवशी पट्टी बांधून परत कामावर. ताईने नको नको म्हटलं. तो म्हणाला की एक दिवस घरी बसलो की ते म्हणतील घाबरला.

मोठं कपाट हवं होतं. ताईने दोन्ही बाजूंच्या भिंती मागितल्या. शेवटचे दोन आकडे आधीसारखेच. पण पहिला आकडा सम असला की डावी भिंत, विषम असला की उजवी. गर्दी निम्मी. सुताराने दोन्ही कपाटं ठोकून दिली. पण नुसतं कपाट वाढवून भागत नव्हतं. प्रत्येक सुरा जुन्यातून काढून, मूठ वाचून, नव्या नियमाने लावायचा होता, आणि ते अर्धवट राहिलं तर कुठला सुरा जुन्यात आणि कुठला नव्यात हे देवालाही सांगता आलं नसतं. तिने एक दिवस काम बंद ठेवायला मागितला. साहेबाने विचारलं की जनावरांना सांगू का, उद्या या म्हणून.

मग तिने वेळ हेरली. सकाळवाले सुरे घेऊन आत गेले की खोलीत उरायचे ते फक्त दुपारवाल्यांचे. ते दुपारच्या भोंग्याआधी हलवायचे. सकाळवाल्यांचे परत येतील ते थेट नव्यात जातील. हिशेब चोख होता. जुनं कपाट तिने आणि सुताराने भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध आणलं, म्हणजे भिंतीकडे जायला वाट होईल. गुडघे कुरकुरत होते म्हणून वाकायचं काम आधी उरकावं असं ठरवून तिने खालच्या रांगांपासून सुरुवात केली. शून्य-शून्य तळाला होता. दहा, वीस, तीस. चाळिशीत धाकट्याचा सुरा आला. डाव्या भिंतीला, सत्तेचाळीसच्या कप्प्यात, एकटा. मुंडीवाल्याचा यापुढे उजव्या भिंतीला जाणार होता. एवढ्यानेही तिला बरं वाटलं.

आणि साखळी तुटली.

जुन्या शेडमधली मुख्य साखळी भरल्या जनावरांसकट खाली आली. एक माणूस खाली सापडला. त्याचं डोकं आणि जनावराचं डोकं वेगळं ओळखू येईना. तो सकाळवाल्यांपैकी होता. साहेबाने हॉल रिकामा करायचा हुकूम सोडला, आणि सगळी सकाळची पाळी वेळेआधीच सुरे घेऊन, मित्राच्या रक्ताने माखून, अंगणात आली. दुपारवाले पाळीसाठी नुकतेच फाटकातून आत शिरत होते. रिकामे.

मुकादम धावत खिडकीशी आला आणि ओरडून म्हणाला की खिडकी लाव, कुणाला काही देऊ नकोस. त्याला हे म्हणायला उशीर झाला होता. अंगणात पहिला दुपारवाला पडलाच होता, मानेवर हात धरून, हातामागून झोताने रक्त. कुणीतरी ओरडलं, संप मोडला नसता तर साखळी बदलली गेली असती. एवढं पुरे होतं. दुपारवाल्यांनी हाताला येईल ते उचललं, बादल्या, होसपाइपची पितळी तोंडं, लोखंडी हूक. एकाच्या डोळ्यात पितळी तोंड घुसलं. एक सकाळवाला रक्तावरून घसरला आणि तो उठायच्या आत चौघांनी त्याच्या तोंडावर बूट घातले, दात फरशीवर विखुरले तरी थांबले नाहीत.

धाकटा खोलीच्या दाराकडे धावला. मुंडीवाला त्याच्या मागे, पळत नव्हता, लांब ढांगा टाकत होता. पळायची त्याला गरज वाटत नव्हती.

दाराची कडी ताई लावत होती, ती भावाला बघून थांबली. तो आत घुसला आणि सरळ जुन्या कपाटाशी गेला. रोज ताईचा हात जिथे जाताना बघितला होता तिथेच त्याचा हात गेला, सत्तेचाळीसला. कप्पा रिकामा. त्याने कोपरापर्यंत हात घातला, मागची फळी चाचपली, शेजारच्या कप्प्यात बघितलं, तोही रिकामा.

"ताई, कुठे आहे? ताई, दे ना."

कडी लावायला वेळ उरला नव्हता, ती मागे सरत कपाटाच्या पलीकडे गेली होती. डाव्या भिंतीपासून दोन हातांवर. तिने हात लांब केला असता तर मूठ तिच्या पंज्यात आली असती, बघावंसुद्धा लागलं नसतं. आणि तिला दिसलं की ती सुरा देईल, हा तो घेऊन वळेल, आणि या खोलीत दोन पाती होतील. मुंडीवाला हातात पातं घेऊनच जगला होता. हुकाची जखम अजून ओली असलेला तिचा भाऊ त्याच्यापुढे किती टिकणार, हे मोजायला वेळ लागत नव्हता.

मुंडीवाला दारात आला. त्याच्या एप्रनवरून पाणी आणि रक्त ठिबकत होतं. त्याने सुरा खाली धरला होता, पोटाच्या उंचीवर, पातं वर करून, तो मुंडी उतरवायला धरायचा तसा.

"खाली बस," ताई म्हणाली.

लहानपणी ताई ज्या आवाजात बस म्हणाली की धाकटा मुकाट बसायचा, त्याच आवाजात. तो बसला. विचारलं नाही, वळला नाही, कपाटाच्या पायाशी गुडघे पोटाशी घेऊन बसला. तिने जुन्या कपाटाला खांदा लावला. खालच्या रांगा रिकाम्या होत्या, वरच्या सगळ्या भरलेल्या. एरवी तिला एकटीला न हलणारं ते धूड वरच्या वजनाने आपसूक झुकलं. धाकट्याच्या डोक्यावरून ते पुढे गेलं. वरच्या कप्प्यांतले सुरे एकामागून एक सुटले, मुठी आणि पाती एकत्र, आणि त्यांच्या मागून लाकूड. मुंडीवाल्याने हात वर केला, सुऱ्यासकट. कपाटाने तो हात त्याच्याच छातीवर दाबला आणि त्याला मागे उंबऱ्यावर आपटलं. त्याचा सुरा त्याच्याच बरगड्यांखाली मुठीपर्यंत गेला. खांद्यात दोन सुरे रुतले होते, एक गालातून आरपार. तो लगेच मेला नाही. पाय झाडत राहिला, तोंडातून फेसाळ रक्ताचे बुडबुडे येत राहिले, आणि तो ताईकडे बघत राहिला. ताईने नजर वळवली नाही.

कपाट दारातच तिरपं अडकलं होतं, त्याच्याखालच्या पोकळीत धाकटा तसाच बसलेला, त्यामुळे बाहेरचं कुणी आत येऊ शकलं नाही. ज्यांनी वाकून बघितलं ते मागे सरले. अंगणातली मारामारी विझायला तेवढं कारण झालं. सकाळवाल्यांनी एकमेकांकडे बघितलं, कुणीतरी सुरा फरशीवर टाकला, मग दुसऱ्याने.

मुकादमाने कपाट उचलायला माणसं लावली. दबक्या आवाजात तो ताईला म्हणाला, "कपाट कलंडलं. धक्का लागला, कलंडलं. पोलिसांना तेवढंच सांग, बाकी मी बघतो."

"कलंडलं नाही. मी लोटलं."

"वेड लागलंय का तुला?"

"मी लोटलं," ती म्हणाली, "आणि तेच सांगणार आहे. पण पोलीस येईपर्यंत ही सगळी पाती जमिनीवर राहिली तर कुणीही उचलेल."

ती गुडघ्यांवर बसली. टाके उसवून पट्टी भिजली होती. एकेक सुरा उचलायचा, एप्रनला पुसायचा, मूठ वाचायची. सम डावीकडे, विषम उजवीकडे. अंगणात टाकलेले मुकादमाने बादलीत भरून आणून दिले, तेही तिने लावले. मुंडीवाल्याला नेताना कुणीतरी उपसलेला त्याचा सुरा उंबऱ्यात राहिला होता. तोही तिने पुसला आणि उजव्या भिंतीला, त्याच्या कप्प्यात ठेवला. बाहेर ठेवण्यापेक्षा आत बरा.

नव्या शेडची साखळी शाबूत होती. जनावरं टांगलेली होती, आणि साहेबाने दुपारची पाळी सुरू करायला सांगितलं. अंगणात होस सोडला होता, लाल पाणी गटाराकडे चाललं होतं. जेवढे धड उभे राहू शकत होते तेवढे खिडकीशी आले. पहिला धाकटा. त्याचे ओठ पांढरे पडले होते. त्याने बिल्ला कठड्यावर ठेवला, चारशे सत्तेचाळीस, आणि वाट बघितली.

ताईने बिल्ला उचलला आणि आपल्या एप्रनच्या खिशात टाकला.

"ताई," तो म्हणाला. "माझा सुरा."

"घरी जा. बायको दारात बसली असेल."

"उद्या काय खायचं मग?"

"ते उद्या बघू. इथे तुझा कप्पा नाही."

तो हलला नाही. मागून कुणी ढकललं नाही, कुणी शिवी दिली नाही. लांबून पोलिसांच्या गाडीचा आवाज येत होता. ताईने त्याच्या खांद्यावरून मागे बघितलं आणि हात पुढे केला.

"पुढचा," ती म्हणाली.